तांबडीची मान

रस्ता ओलांडून झाला होता. फक्त फुटपाथवर पाय ठेवायचा उरला होता, आणि तो पाय बोटभर खाली पडला. चपलेचं टोक दगडाच्या कडेवर आपटलं, ती पुढे गेली, पिशवी तिच्याही पुढे गेली, आणि आपण पडतोय हे कळेपर्यंत पडून झालंसुद्धा होतं. दोन्ही तळवे आणि डावा गुडघा. काही क्षण ती तशीच बसून राहिली, भर गर्दीत, माणसांच्या पोटऱ्यांच्या उंचीवर, आणि इतक्या खालून रस्ता किती वेगळा दिसतो याचंच तिला नवल वाटत राहिलं. फळवाल्याने येऊन हात दिला. "बघून चालावं, आजी," तो म्हणाला. आजी! गुडघ्यापेक्षा तो शब्दच जास्त झोंबला. रिटायर व्हायला अजून अवकाश होता आणि लेकीचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. "काही नाही लागलं," असं तिने जरा तोऱ्यातच सांगितलं, पिशवी झटकली, आणि थोडं लंगडत पुढे गेल्यावर तिला हसू फुटलं. कारण पडताना तिच्या डोक्यात जो शब्द घोळत होता तो नेमका त्याच दगडाचा होता. शब्दाच्या नादात वस्तूला ठेच लागली होती.

कर्ब. शब्द इंग्रजी, एवढासा, एका झटक्यात तोंडातून निघणारा. देवनागरीत लिहिला की त्याचा कार्बन, म्हणजे कोळसा होतो, आणि ऑफिसातल्या टायपिस्टने तो खरोखरच एकदा रसायनशास्त्राच्या गठ्ठ्यात नेऊन टाकला होता. इंग्रजी-मराठी कोशाच्या नव्या आवृत्तीचं काम चालू होतं. अडवण्याचे, आवरण्याचे, बांधून ठेवण्याचे शब्द तिच्या वाट्याला आले होते, आणि बाकीचे सगळे हातावेगळे झाले तरी हा एक हटून बसला होता. जुन्या आवृत्तीत त्याच्यापुढे 'आळा, निर्बंध' एवढं लिहून मोकळे झाले होते. तिने खणायला सुरुवात केली तसे त्याच्या पोटातून एकेक अर्थ निघू लागले. सगळ्यात जुना म्हणजे घोड्याच्या हनुवटीखालून जाणारी, लगामाला जोडलेली साखळी. मग त्या साखळीवरून कोणालाही, कशालाही आवरणं: जिभेला, रागाला, हावेला. मग विहिरीच्या तोंडाभोवतीचा कठडा, आणि फुटपाथची दगडी कड, जिथे रस्त्याने थांबायचं असतं. आणि या सगळ्यांच्या मुळाशी, फ्रेंचमधून लॅटिनपर्यंत मागे गेलं की, एक साधं क्रियापद: वाकवणे. इथेच ती अडकली होती. वाकवण्याचा आणि थांबवण्याचा संबंध काय? मराठीतही 'मनाला मुरड घालणं' आहेच, आणि मुरडणं म्हणजे वाकवणंच. पण त्यामुळे कोडं सुटत नव्हतं, उलट दोन झाली होती. वाकवलेली वस्तू थांबते कशी? व्युत्पत्तीची ओळ लिहायची तर ते तिला स्वतःला दिसायला हवं होतं. न दिसलेलं लिहायचं नाही हा तिचा हट्ट होता, आणि त्या हट्टाचा तिला अभिमान होता. सकाळीच मुख्य संपादक तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते. "काय बाई, घोडं कुठे अडलंय?"

त्यांचा काही दोष नव्हता. हे वाक्य सगळेच म्हणतात. कर्ज मंजूर होत नाही, पाहुणे येत नाहीत, नळाला पाणी येत नाही, की लोक विचारतात, घोडं कुठे अडलंय? पण ते ऐकलं की तिच्या उजव्या बरगडीखाली काहीतरी बारीक टोचतं. नेहमी त्याच जागी. आणि ते का टोचतं हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. नवरा बदलीच्या गावी असायचा, महिन्याकाठी यायचा, आणि आल्यावर त्याला सांगण्यासारख्या इतर गोष्टी पुष्कळ साचलेल्या असायच्या.

टोचलेल्या त्या टाचण्या होत्या. ती चौथीत होती, नवा युनिफॉर्म शिवायचा होता, आणि आई तिला शिंप्याकडे घेऊन गेली होती. दुकान पहिल्या मजल्यावर, खिडक्या मोठ्या रस्त्यावर. समोर बिस्किटांच्या कारखान्याचं हेड ऑफिस होतं आणि त्याच्या पुढच्या फुटपाथवर कारखान्यातल्या बायका बसल्या होत्या. कामाची पाळी सुरू झाली की कारखान्याच्या दारांना बाहेरून कुलूप लागायचं, कोणी मधेच उठून जाऊ नये म्हणून. एकदा आत भट्टी भडकली, बायका बंद दारांवर धडका देत राहिल्या, आणि कुलूप उघडेपर्यंत दोघी गेल्या होत्या. म्हणून या बसल्या होत्या. 'कुलपं काढा' एवढंच त्यांच्या फलकांवर लिहिलेलं होतं. हे सगळं तिला नंतर कळलं. तेव्हा फक्त बायका दिसत होत्या, मांडीवर डबे घेतलेल्या, एकीला एक टेकून बसलेल्या. शिंपी तोंडात टाचण्या धरून तिची कंबर आवळत होता तेव्हा खाली शिट्टी झाली आणि कोणीतरी ओरडलं, "घोडे आले!" अर्धवट टाचलेल्या फ्रॉकसकट ती खिडकीशी धावली. घोडेस्वार पोलिसांची रांग रस्त्याच्या रुंदीभर पसरून येत होती, नालांचा आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटत होता, आणि मधोमध, सगळ्यांच्या थोडी पुढे, एक तांबडी घोडी होती. तांबडीवर अण्णा होते, तिचे वडील. "ते माझे अण्णा आहेत!" ती दुकानभर ऐकू जाईल एवढ्याने ओरडली. तिला अजून आठवतं, त्या क्षणी तिच्या छातीत जे भरून आलं होतं त्याला जागा पुरत नव्हती. बायका, कुलपं, शिट्टी, कशाशीच तिला देणंघेणं नव्हतं. अण्णांची पाठ इतकी सरळ होती आणि तांबडी इतकी चकाकत होती.

मग घोडे धावू लागले. आणि फुटपाथच्या कडेशी येऊन तांबडी थांबली. एकदम, पुढचे खूर दगडाला टेकून. शेजारचे घोडे तिच्या चालीवर चालणारे. ते गोंधळले, एकमेकांवर सरकले, रांग मोडली. पुन्हा शिट्टी झाली. तांबडी थरथरत होती, तिच्या तोंडाला फेस आला होता, मान कमानीसारखी वळून हनुवटी छातीशी गेली होती, पण खूर दगडावर चढत नव्हता. तिसऱ्यांदा शिट्टी झाली, लांबलचक, चिडलेली. दुकानात कोणीतरी मोठ्याने हसलं. "अरे, घोडं अडलं की त्याचं!" मग सगळेच हसले, हातात कात्री धरून, टेप गळ्यात घालून. आईचा हात मागून आला, तिने तिला जवळ ओढलं, घट्ट, आणि उजवीकडच्या टाचण्या आत गेल्या. ती रडली ती टाचण्यांमुळे, असंच सगळ्यांना वाटलं. खाली बराच वेळ काहीच घडलं नाही. ऑफिसं सुटली, बघ्यांची गर्दी झाली, इतक्या लोकांदेखत पुढे काही करणं शिट्टी वाजवणाऱ्या साहेबांना जमलं नसावं, आणि घोडे वळून परत गेले. बायका बसल्या होत्या तिथेच होत्या.

अण्णांची नोकरी गेली. पोलिसांची खोली सोडून तिघं शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. जो विचारेल त्याला आई एकच सांगायची, तेच ते शब्द, जणू पाठ केलेले: "घोडं अडलं. जनावराचं काय सांगावं? त्यात ह्यांचा काय दोष?" लोक चुकचुकायचे. त्या चुकचुकण्यातूनच एकाने अण्णांना शीतगोदामावर पहारेकरी म्हणून चिकटवलं, आणि जाड स्वेटर घालून अण्णा तिथे म्हातारे झाले. नव्या शाळेतही गोष्ट पोचलीच. मधल्या सुट्टीत मुलं टाळ्या वाजवत तिच्यासमोर घोड्यासारखी पाय रोवून उभी राहायची, "चल, चल, हलतच नाही!" ती अभ्यास करायची. वर्गात पहिली यायची, आणि पहिली आली तरी कोणीतरी म्हणायचंच, हिचं बरं अडत नाही कुठे. वडील काय करतात असं विचारलं की ती सांगायची, गोदामावर असतात. त्यांना घोड्यावर बसता येत होतं हे तिने कॉलेजात सांगितलं नाही, लग्न ठरताना सांगितलं नाही, आणि आई गेल्यावर अण्णा तिच्याकडे राहायला आले तेव्हा लेकीलाही सांगितलं नाही. घरात घोडा हा शब्दच बंद झाला होता. अण्णा रोज सकाळी घरातल्या सगळ्यांच्या चपला-बूट ओळीत मांडून पॉलिश करायचे, कोणी सांगितलेलं नसताना, आणि ती सवय कुठून आली असेल हेसुद्धा कोणी कधी बोललं नव्हतं.

म्हणून घोड्याच्या साखळीचं कोडं पडलं तेव्हा, ज्या घरात कधीकाळी ती साखळी रोज हाताळलेला माणूस बसला होता त्या घरातून निघून ती शहराबाहेरच्या घोडेस्वारीच्या शाळेत गेली. गुडघा ठणकत होता. बसमधून उतरल्यावर ओल्या भुशाचा आणि चामड्याचा वास आला आणि तिचे पाय आपोआप मंद झाले; हा वास अण्णांच्या खाकी शर्टाला यायचा, ते तिला उचलून घ्यायचे तेव्हा. शिकवणारी बाई तिशीची असेल, आवाज ओरडून ओरडून बसलेला, बोलणं तुटक. कोशासाठी माहिती हवीये म्हटल्यावर तिला गंमत वाटली. "साखळी बघायला एवढ्या लांब आलात? या." तिने लगाम काढून दाखवला. तोंडातली कडी, कडीच्या दोन्ही बाजूंना खाली उतरणारे दांडे, आणि हनुवटीखालून जाणारी साखळी, सपाट कड्यांची, हातात घेतल्यावर पाण्यासारखी ओघळणारी. "लगामाची वादी ओढली की दांडा फिरतो आणि साखळी हनुवटीला लागते," बाई म्हणाली. "ताकद नाही लावायची. नुसतं बोट आवळायचं. ताकद लावली तर तोंड फाटेल बिचाऱ्याचं."

"पण त्याने थांबतो कसा?"

"बघा आता."

त्याच वेळी रिंगणात एक पांढरा घोडा बिथरला होता. कुंपणावर कोणीतरी प्लॅस्टिकचा कागद वाळत घातला होता आणि त्याच्याजवळून जायला तो तयार नव्हता. वर बसलेली मुलगी टाचा मारत होती. घोड्याने मान वर ताणली होती, तोंड आभाळाकडे, डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं, पुढचे पाय रोवलेले, मागचा भाग खाली दबलेला, आणि मुलगी जितकी ढोसत होती तितका तो मागे मागे सरकत होता. "हा अडलाय," शिकवणारी बाई म्हणाली. "अडलेला घोडा असा दिसतो." मग बाई स्वतः एका काळ्या घोड्यावर बसली, एक फेरी दौडत मारली, आणि तिच्यासमोरून जाताना काही केल्यासारखं न दिसता नुसती बोटं आवळली. घोडा जागच्या जागी थांबला. थांबताना त्याची मान वळली. कानामागून कमान झाली, हनुवटी छातीकडे गेली, आणि सगळा वेग जणू त्या कमानीत गोळा होऊन राहिला. तोंडाला थोडा फेस होता. कातडी थरथरत होती. तो उभा होता.

वाकवणं आणि थांबवणं. तिला दिसलं. पण तिला जे दिसलं ते कोशाच्या ओळीच्या कितीतरी पुढे निघून गेलं होतं. ती कुंपणाच्या आडव्या लाकडाला धरून उभी राहिली. "घोडा अडलेला असेल," ती म्हणाली, आणि आपला आवाज आपल्यालाच चौथीतला वाटला, "स्वतःहून अडलेला असेल, तर त्याची मान अशी होऊ शकते का? अशी, हनुवटी आत?"

"छे! अडलेला घोडा मान देतच नाही," बाई वरूनच म्हणाली. "मान दिली म्हणजे त्याने ऐकलं. धावत्या घोड्याने अशी मान दिली ना, तर वरचा माणूस जाणकार समजायचा. दहा-दहा वर्षं घालवून येत नाही लोकांना. काय झालं? पाणी देऊ का?"

पाणी नको होतं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि तो दिवस पुन्हा पुन्हा, पुढे मागे, खिडकीतून बघितला. खूर दगडाला टेकलेले. फेस. थरथर. आणि मान. इतकी वर्षं मान तिच्या डोळ्यांसमोर होती, रोजची म्हटली तरी चालेल, आणि तिने ती वाचली नव्हती. कोणी हसलं ते आधी ऐकलं, आणि कानाने डोळ्याला गप्प बसवलं. आयुष्यभर शब्दांचा अर्थ लावणाऱ्या बाईने एवढं एक चित्र दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थासकट जसंच्या तसं ठेवून घेतलं होतं. पण तिला त्याचं दुःख होत नव्हतं, हे विशेष. बसच्या काचेला कपाळ टेकून ती चक्क हसत होती. मान दिली, मान दिला. एकच शब्द, एकदा स्त्रीलिंगी आणि एकदा पुल्लिंगी, आणि दोन्ही वाक्यं त्या दिवशीच्या त्या रस्त्यावर खरी होती. छातीत काहीतरी भरून येत होतं आणि त्याला जागा पुरत नव्हती.

घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. अण्णा बाल्कनीत स्टुलावर बसून नातीच्या बुटाला ब्रश मारत होते. पाठ अजून सरळ. ऐंशी उलटली तरी ते खुर्चीला टेकत नाहीत. ती चपला न काढताच त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, गुडघा दुखत असतानाही.

"अण्णा, तांबडी अडली नव्हती."

ब्रश थांबला नाही. दोन-तीन हात झाले, मग बूट वळवून त्यांनी टाचेकडे सुरुवात केली. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी बघितलं होतं. शिंप्याच्या खिडकीतून. मला आज कळलं मी काय बघितलं ते."

अण्णांनी बूट खाली ठेवला. तिच्याकडे बघितलं, मग तिच्या सोललेल्या तळव्यांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "मान बघितलीस?" त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात घाबरणं नव्हतं, लपवणं नव्हतं. एक कसली तरी उत्सुकता होती, फार जुन्या कामाची कोणीतरी शेवटी चौकशी करावी तशी. "कशी होती? वरून मला नीट दिसत नाही ना. हाताला कळतं, पण दिसत नाही."

"कमान होती, अण्णा. अगदी कमान."

"असणारच," ते म्हणाले. आणि मग बराच वेळ ते नुसतेच हसत राहिले, आवाज न करता.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात सांगितलं; लांबण लावायची त्यांना सवय नव्हती. पुढच्या रांगेत एक बाई होती. तिने डबा उघडला होता आणि ती जेवत होती. घोडे आले तसं तिने वर बघितलं, पण उठली नाही. डब्याला झाकण लावलं, धूळ पडू नये म्हणून, आणि तो पोटाशी धरून बसली. "जेवत्या माणसावर घोडं नाही घालता येत," अण्णा म्हणाले. "एवढंच डोक्यात आलं. दुसरं काही नव्हतं गं. मी काही मोठा विचार केला नाही. बोटं आवळली."

"मग चौकशीत काय झालं?"

"साहेबाला घोडं कळत होतं. स्वतः बसणारा माणूस. त्याने मान बघितली होती. मला आत बोलावून दार लावून घेतलं आणि म्हणाला, घोडी अडली असं सांग, विषय मिटवतो. मी विचारलं, मग घोडीचं काय? तो म्हणाला, अडणारी घोडी खात्यात ठेवत नाहीत. गाडीला जुंपायला देतात, नाहीतर..." त्यांनी हात नुसता हलवला. "मग मी सांगितलं, साहेब, घोडी अडली नाही. मी थांबवली. तसं लिहून घेतलं, सही केली. बडतर्फ. तांबडी राहिली खात्यात. पुष्कळ वर्षं राहिली."

"आणि आई? आई तर सगळीकडे..."

"तुझी आई हुशार होती." आता त्यांचा आवाज जरा खाली आला. "ती म्हणाली, हुकूम मोडणारा माणूस म्हटलं तर कोण दारात उभं करेल? पोर आहे पदरात. घोडं अडलं म्हणू, लोक कीव करतील. आपल्याला आत्ता कीव परवडते, म्हणाली, दुसरं काही परवडत नाही. माझ्याकडून शब्द घेतला. घरात काय, बाहेर काय, तेच बोलायचं. मला ते बोलता येईना, म्हणून मी बोललोच नाही."

"पण आई गेल्यावर तरी, अण्णा! मला तरी सांगायचं."

"तिने शब्द परत कुठे दिला होता?" ते साधेपणाने म्हणाले. "तशीच गेली."

तिला एकेक आठवत गेलं. गोदामातला स्वेटर, डबा घेऊन चालत जाणं, गल्लीत मुलं टापांचे आवाज काढायची तेव्हा मागे वळून न बघता तसंच पुढे जाणं. तिला तेव्हा ती पडलेली मान वाटली होती. "लोक हसायचे," ती म्हणाली. "तुम्हाला कधी वाटलं नाही, ओरडून सांगावं?"

"वाटायचं की. सुरुवातीला रोज." अण्णांनी पुन्हा बूट उचलला आणि उजेडात धरून बघितला. "पण मला ठाऊक होतं, साहेबाला ठाऊक होतं, तांबडीला ठाऊक होतं. त्या बाईलाही कळलं असणार. एवढी माणसं पुष्कळ झाली." मग जरा थांबून, बुटाकडेच बघत, "आता तू एक वाढलीस," असं म्हणाले, आणि तिला आयुष्यात कधी मिळाली नव्हती अशी काहीतरी बढती मिळाल्यासारखं वाटलं.

शब्दाची नोंद तिने दुसऱ्याच दिवशी पूर्ण केली. साखळी पहिली, विहिरीचा कठडा आणि दगडाची कड नंतर, आणि आवरण्याच्या अर्थापुढे 'आळा' खोडून तिने 'मुरड' लिहिलं. व्युत्पत्तीच्या ओळीत नियमापेक्षा पाच-सहा शब्द जास्त गेले: घोड्याची मान वळवून त्याला थांबवतात त्यावरून. मुख्य संपादकांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं आणि पेन्सिल हातात घेतली. जास्तीचे शब्द दिसले की त्यांची पेन्सिल आपोआप खाली यायची. "बाई, हे लागेल का एवढं?" "लागेल," ती म्हणाली, आणि ज्या स्वरात म्हणाली त्याने पेन्सिल कानामागे परत गेली.

खरी कसोटी रविवारी होती. लेकीने लग्न ठरवलं होतं, तिच्याच ऑफिसातल्या मुलाशी, आणि मुलाचे आईवडील पहिल्यांदाच घरी चहाला आले होते. मुलाची आई बोलकी. वडील मोठ्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, भांग पट्टीने पाडल्यासारखा, कप बशीत ठेवताना कान बरोबर उजवीकडे येईल असा ठेवणारे. नियम, वक्तशीरपणा, आजकालच्या ऑफिसांत शिस्त कशी उरली नाही, अशी गाडी चालली होती. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीवर, पाठ न टेकता, ऐकत बसले होते. मुलाच्या आईने प्रेमाने त्यांच्याकडे वळून विचारलं, "आणि आजोबा कुठे होते नोकरीला?"

उत्तर तयार होतं. लेकीने ते लहानपणापासून ऐकलेलं असल्यामुळे तिनेच तोंड उघडलं, "आजोबा गोदामा..."

"पोलिसात होते," ती मधेच म्हणाली. "घोडेस्वार." लेकीचं तोंड उघडंच राहिलं. "त्यांना बडतर्फ केलं होतं."

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला आणि कान कुठे आला ते बघितलं नाही. लेक डोळे मोठे करून आईकडे बघत होती. आज, नेमकं आज, हे कशासाठी, असं त्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं. तिने अण्णांकडे बघितलं. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं नाही. मग तिने सांगितलं. बिस्किटांचा कारखाना, बाहेरून लागणारी कुलपं, डबा पोटाशी धरलेली बाई, तीन शिट्ट्या, आणि दगडाच्या कडेशी उभी राहिलेली तांबडी. साहेबाने दिलेली पळवाट आणि अण्णांनी दिलेला जबाब. सांगताना तिचा आवाज एकदाही हलला नाही. सगळ्या दुकानाला ऐकू जावं इतका तो मोठा झाला होता, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

"म्हणजे वरिष्ठांचा हुकूम मोडला," मुलाचे वडील सावकाश म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "मोडला."

त्यांनी अण्णांकडे बघितलं. सबंध आयुष्य हुकूम पाळण्यात गेलेल्या माणसाने ज्या नजरेने बघावं त्याच नजरेने आधी, आणि मग काहीतरी सैल होत गेलं. ते उठले, खोली ओलांडून अण्णांच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. "मी लहानपणी एकदा घोड्यावर बसलो होतो," ते म्हणाले. "तो उधळला आणि मी पडलो. पुन्हा बसलो नाही. धावता घोडा असा जागच्या जागी थांबवायचा म्हणजे... आजोबा, कमाल केलीत तुम्ही. काय ताकद असेल हो हाताला! कशी काय थांबवलीत?"

लेक आता रडत होती आणि रडताना हसत होती. अण्णांनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून बघितले, पातळ झालेली कातडी, शिरा, नखांत राहिलेलं बुटाचं पॉलिश.

"ताकद कसली," ते म्हणाले. "मी नुसतं सांगितलं. थांबली ती."